लेझर नऊ मायक्रॉनमध्ये कसा बसवायचा

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत लेथवर उभं राहणाऱ्या माणसाला १० मायक्रॉनचं फारसं कौतुक नसतं. डायल गेजचा काटा एक घर हलला की १० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. ५० मिलिमीटरचा लोखंडी जॉब चहा येईपर्यंत २० अंशांनी गार झाला, तर तेवढा तो आपोआप आक्रसतो. म्हणून गेल्या उन्हाळ्यात इंटरनेटची जोडणी करायला आलेल्या पोराकडून मी दोन मीटरची पिवळी पॅचकॉर्ड, म्हणजे दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली फायबरची तयार वायर, मागून घेतली, तेव्हा मला काम सोपं वाटलं होतं. लेझर पॉइंटर आहे, काचेचा दोरा आहे, एकाचं तोंड दुसऱ्याला भिडवलं की झालं. पोरगा शिडी उचलता उचलता म्हणाला, "काका, त्यात लाइट घालायचं आमच्याकडं पेन असतंय. हातानं नाही जमायचं बघा."

नाही जमलं. पहिल्या रविवारी तीन तास पॉइंटर हातात धरून बसलो आणि दुसऱ्या टोकाला काजव्याएवढाही उजेड आला नाही. का आला नाही, हे कळायला मला पुढचे चार रविवार लागले. ते चार रविवार इथं लिहून काढतो.

आधी माप बघू. पिवळ्या वेष्टनातल्या फायबरची काच १२५ मायक्रॉन जाड असते, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षा थोडी जाड. पण प्रकाश त्या सगळ्या काचेतून जात नाही. मधोमध सुमारे ९ मायक्रॉनचा गाभा असतो, प्रकाशाची वाट तेवढीच. भोवतालची बाकी काच म्हणजे क्लॅडिंग, आणि त्यावर प्लॅस्टिकचं कोटिंग. गाभा म्हणजे भोक नाही, तीही काचच आहे. नुसत्या डोळ्यांना गाभा आणि क्लॅडिंग वेगळे दिसत नाहीत. लेझर पॉइंटरचा झोत मात्र असतो दोन-तीन मिलिमीटर रुंद. म्हणजे परसातल्या विहिरीएवढ्या तोंडाचा झोत सुईच्या नेढ्यात घालायचा.

प्रकाश गाभ्यात टिकतो कसा? सांगलीत कृष्णेच्या माई घाटावर पोहायला शिकलेल्यांनी हे पाहिलेलं असतं, फक्त त्याचं नाव माहीत नसतं. पाणी नितळ असताना बुडी मारून तिरकं वर बघितलं की वरचं आकाश दिसत नाही, पाण्याचा पृष्ठभाग चांदीच्या पत्र्यासारखा चकाकतो. पाण्यातून हवेकडं निघालेला किरण उभ्या रेषेपासून ४९ अंशांपेक्षा जास्त तिरका असला, तर तो बाहेर पडतच नाही, सगळाच्या सगळा परत फिरतो. फायबरमध्येही हेच घडतं, पण पाणी आणि हवा यांच्यात जेवढा फरक आहे तेवढा तिथं नसतो. गाभ्याचा वक्रीभवनांक (काच प्रकाशाला किती वळवते त्याचा आकडा) क्लॅडिंगपेक्षा फार तर एक तृतीयांश टक्क्याच्या आसपास जास्त असतो. एवढ्या नाजूक फरकावर परावर्तन व्हायचं, तर किरण जवळजवळ सरळच जायला हवा. आत पाचेक अंश, म्हणजे बाहेरून शिरताना ८ अंश, एवढाच तिरकेपणा चालतो. त्याहून तिरका घुसलेला किरण क्लॅडिंगमध्ये निसटतो.

इथंच पहिल्या रविवारचं कोडं सुटतं. गणपती पेठेतल्या एखाद्या बोळात उसाची ट्रॉली घालायची म्हणा. ट्रॉली बोळाच्या तोंडाशी आली म्हणून काम होत नाही, तोंडाशी येताना ती सरळही हवी. तोंडाशी आहे पण तिरकी, तर भिंत घासणार. सरळ आहे पण हातभर बाजूला, तर ओट्यावर चढणार. प्रकाशाचं तेच. डावं-उजवं आणि वर-खाली अशा दोन जागा, आडवा आणि उभा असे दोन कोन. चारही एकाच वेळी जुळायला हवेत, शिवाय लेन्सपासूनचं अंतर पाचवं. यातलं एक जरी चुकलं, तरी उरलेली चार अचूक असून दुसऱ्या टोकाला अंधारच. हातात पॉइंटर धरून पाच गोष्टी एकदम जुळण्याची शक्यता किती, ते तुम्हीच ठरवा.

"मग मोठी लेन्स लावून सगळा प्रकाश गोळा कर की," असं मला आमच्या वर्कशॉपमध्ये तिघांनी सांगितलं. लेन्स म्हणजे नरसाळं, अशी आपली समजूत असते. वरून काहीही ओता, खाली बारीक धारेनं पडणार. प्रकाशाचं नरसाळं असं नसतं. लेन्स ठिपका जेवढा लहान करते, तेवढे किरण जास्त तिरके करते. ठिपका बारीक आणि तिरकेपणाही कमी, असं दोन्ही एकदम पदरात पडत नाही. म्हणून घरातला एलईडी कितीही झगझगीत असला तरी इथं कुचकामी. एक मिलिमीटर चौकोनी चिप चारी दिशांना प्रकाश फेकते. त्यातला ९ मायक्रॉनच्या गाभ्यात आणि ८ अंशांच्या आत बसणारा प्रकाश मोजला, तर दहा लाखांत एखादा भाग निघतो. जगातली कुठलीही लेन्स तो आकडा वाढवू शकत नाही. लेझरचं महत्त्व इथं आहे. तो प्रखर असतो म्हणून नव्हे, तर त्याचे किरण आधीपासूनच एका रांगेत असतात म्हणून. ५ मिलिवॅटचा लेझर इथं १० वॅटच्या बल्बला सहज मागे टाकतो.

हिशोब करून बघू. माझा पॉइंटर लाल, ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा. झोत ३ मिलिमीटर धरला आणि शाळेच्या प्रयोगशाळेत असते तसली मायक्रोस्कोपची १०एक्स ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे दहापट मोठं दाखवणारी लेन्स घेतली, तर तिचं नाभीय अंतर साधारण १६ मिलिमीटर. ठिपक्याचा व्यास काढायचं सूत्र असं: तरंगलांबी गुणिले नाभीय अंतर गुणिले ४, भागिले झोताची रुंदी गुणिले पाय (३.१४). उत्तर येतं ४.४ मायक्रॉन. तिरकेपणा निघतो साडेपाच अंशांच्या आत. म्हणजे ठिपका गाभ्यात मावतो आणि कोनही ८ अंशांत बसतो. कागदावर तरी सगळं जमतंय. ४०एक्सची ऑब्जेक्टिव्ह लावली असती, तर ठिपका आणखी बारीक झाला असता, पण किरण एवढे तिरके झाले असते की निम्म्याहून अधिक वाया गेले असते. इथं "जास्त पॉवरची लेन्स चांगली" हा नियम उलटा पडतो.

प्रत्यक्षात एक कटकट राहते. पॉइंटरमधल्या डायोडचा झोत गोल नसतो, लांबट असतो. माझा ४ बाय दीड मिलिमीटर निघाला. गंमत म्हणजे झोताची अरुंद बाजू ठिपक्यात रुंद होते, त्यामुळे ठिपका एका बाजूनं ३ आणि दुसऱ्या बाजूनं ९ मायक्रॉनच्या आसपास, आणि तोही आडवा पडलेला. म्हणून या फायबरमध्ये निम्मा प्रकाश गेला तरी पेढे वाटावेत.

सामान

सुरुवात पिवळ्या फायबरनं करू नका, हा माझा स्पष्ट सल्ला. नारिंगी वेष्टनातली मल्टिमोड पॅचकॉर्ड घ्या. तिचा गाभा ५० किंवा ६२.५ मायक्रॉन असतो आणि तिला जास्त तिरका प्रकाशही चालतो. जुळणी तिच्यावर करा, मग पिवळी लावा. शिवाय कनेक्टर निळा बघून घ्या, हिरवा नको. हिरव्या कनेक्टरचं तोंड मुद्दाम ८ अंश तिरकं घासलेलं असतं, म्हणजे परतणारा प्रकाश आल्या वाटेनं माघारी जात नाही. कंपन्यांना ते सोयीचं, आपल्याला डोकेदुखी, कारण मग झोतही तिरका घालावा लागतो. तयार कनेक्टरचा दुसरा फायदा असा की टोक आधीच चकचकीत घासलेलं असतं आणि अडीच मिलिमीटरच्या सिरॅमिक नळीत बसलेलं असतं. अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यात अडीचचं भोक रीमरनं साफ केलं की झाला होल्डर. उघडं फायबर तोडून सपाट टोक काढणं ही वेगळीच कला आहे. त्यात काचेचे तुकडे उडतात. ते दिसत नाहीत, पण बोटात घुसतात. तोडायचंच असेल तर प्रत्येक तुकडा लगेच चिकटपट्टीवर लावून औषधाच्या रिकाम्या बाटलीत टाका. त्या दिवशी त्या टेबलावर भडंग खाऊ नका.

लेझरचा झोत लेन्सकडं वळवायला आरसे दोन लागतात. घरातला आरसा चालत नाही. त्याचा मुलामा काचेच्या मागं असतो, म्हणून एकाऐवजी दोन ठिपके मिळतात. भंगारातल्या स्कॅनरमध्ये पुढच्या बाजूनं मुलामा दिलेली लांब पट्टी असते, तिचे तुकडे उत्तम. आरशाचा स्टँड मी स्वतः केला. दोन चौकोनी प्लेटा, एका कोपऱ्यात बेअरिंगची गोळी, बाकी दोन कोपऱ्यांत एम-३ चे स्क्रू, आणि प्लेटा एकमेकींकडं ओढून धरायला स्प्रिंगा. गोळी ते स्क्रू अंतर ५० मिलिमीटर.

या ५० मिलिमीटरमध्येच सगळं कसब आहे. एम-३ स्क्रूचा पिच अर्धा मिलिमीटर. घड्याळाच्या काट्याच्या एका मिनिटाएवढा स्क्रू फिरवला की तो ८ मायक्रॉन पुढं सरकतो. ५० मिलिमीटरच्या तरफेवर हा आरशाचा फार म्हणजे फारच छोटा कोन झाला. परावर्तनात तो दुप्पट होतो, आणि लेन्सपलीकडं ठिपका सरकतो साधारण ५ मायक्रॉन. एका मिनिटाचा स्क्रू आणि ५ मायक्रॉनचा ठिपका. म्हणजे हातानं ९ मायक्रॉन गाठता येतात. त्यासाठी प्रयोगशाळेतलं महागडं स्टेज लागत नाही, फक्त स्क्रू ढिला नसला पाहिजे. लेन्स ते फायबर हे अंतर मात्र २०-२५ मायक्रॉन इकडंतिकडं झालं तरी चालतं. तिथं देवानं थोडी सूट दिलीय.

हे सगळं मी कडप्प्याच्या एका जाड तुकड्यावर बसवलं, कुणाच्या तरी ओट्यातून उरलेल्या. खाली सायकलची ट्यूब. रस्त्यावरून डंपर गेला तरी ठिपका फारसा हलत नाही.

खोटा उजेड

दुसऱ्या रविवारी मला वाटलं, जिंकलो. पॅचकॉर्डच्या उरलेल्या वीतभर तुकड्यावर प्रयोग करत होतो आणि पलीकडच्या टोकाला लाल उजेड आला. बायकोला बोलावून दाखवला, फोटो काढला, केबलवाल्या पोराला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "काका, ते कडंकडंनं जातंय."

बरोबर होतं त्याचं. प्रकाश गाभ्यात नव्हता, भोवतालच्या क्लॅडिंगमधून घरंगळत आला होता. १२५ मायक्रॉनची काच ही स्वतःच एक जाडजूड फायबर असते, आणि तिच्यात प्रकाश घालणं कितीतरी सोपं. लांब फायबरमध्ये वरचं कोटिंग हा प्रकाश पिऊन टाकतं, कारण कोटिंगचा वक्रीभवनांक काचेपेक्षा जास्त असतो. वीतभर तुकड्यात, त्यातून कोटिंग सोललेलं, म्हणजे तो सहीसलामत पोचतो.

हे ओळखायची सोपी परीक्षा आहे. मेडिकलमधून ग्लिसरीन आणा आणि सोललेल्या काचेवर एक थेंब ठेवा. ग्लिसरीनचा वक्रीभवनांक १.४७, काचेचा १.४६ च्या जरा खाली. क्लॅडिंगमधला प्रकाश थेंबापाशी बाहेर फुटतो आणि थेंब लाल दिव्यासारखा पेटतो. गाभ्यातला प्रकाश जागचा हलत नाही. माझा थेंब असा पेटला की आतली खोली लाल झाली, आणि टोकाचा उजेड विझला. घरात ग्लिसरीन नव्हतं तेव्हा मी आधी खोबरेल लावून पाहिलं होतं. त्याचा वक्रीभवनांक १.४५ च्या आसपास, काचेपेक्षा किंचित कमीच, त्यामुळे त्यानं नीट न्याय केला नाही. तेव्हापासून मी दोन मीटरपेक्षा लहान तुकड्यावर विश्वास ठेवत नाही.

आधी खुंटी, मग मणी

माझा एक मित्र मिरजेत तानपुरे करतो. त्याच्या दुकानात बसून मी रडगाणं गात होतो, की स्क्रू फिरवून फिरवून बोटं दुखली पण प्रकाश सापडत नाही. तो तार चढवत होता. मान वर न करता म्हणाला, "आधी खुंटी, मग मणी. मण्यानं तार चढत नसती रे." तानपुऱ्याची तार खुंटीनं ढोबळ सुरात आणतात, आणि घोडीच्या खाली तारेत ओवलेला मणी सरकवून शेवटचा बारीक फरक काढतात. मी पहिल्यापासून मणीच सरकवत बसलो होतो.

फायबरसाठी खुंटी आहे, ती म्हणजे उलटा प्रकाश. प्रकाशाची वाट दोन्ही दिशांनी सारखीच असते. म्हणून केबलवाल्यांकडं असतं ते लाल पेन घ्यायचं. ते काही शे रुपयांत मिळतं, आणि त्याच्या आत लेझर, लेन्स आणि कनेक्टरची नळी कारखान्यातच जुळवलेली असते. पेन पॅचकॉर्डच्या पलीकडच्या टोकाला लावा. प्रकाश आता आपल्या बाजूच्या टोकातून बाहेर पडेल, ऑब्जेक्टिव्हमधून जाईल आणि झोत होऊन आरशांवरून उलटा लेझरकडं येईल. फायबर पुढं-मागं करून तो झोत भिंतीपर्यंत एकसारखा करून घ्या, म्हणजे पाचवं अंतर जुळलं. आता तुमच्याकडं दोन झोत आहेत, एक जाणारा, एक येणारा. कागदाचा कपटा लेन्सजवळ धरा, दोन्ही ठिपके एकावर एक आणा. मग कपटा लेझरजवळ धरा, तिथंही एकावर एक आणा. दोन ठिकाणी जुळले की संपूर्ण रेषा जुळली. पेन काढा. पलीकडच्या टोकाला आता आपल्या लेझरचा थोडासा तरी प्रकाश असतोच.

तिथून पुढं मणी. टोकासमोर बीपीडब्ल्यू-३४ नावाचा फोटोडायोड, म्हणजे प्रकाशाची वीज करणारा डायोड ठेवला आणि मल्टिमीटर लावला. लाल प्रकाशाच्या १ मिलिवॅटला तो साधारण ०.४ मिलिअँपिअर देतो, त्यामुळे डोळ्यांवर भरवसा ठेवावा लागत नाही. नुसता एकेक स्क्रू फिरवून आकडा वाढवत गेलं, तर आपण लवकरच अडकतो. सगळीकडं फिरवलं तरी आकडा कमीच होतो आणि वाटतं, हाच माथा. ते दंडोबाचा डोंगर चढून सह्याद्री सर केला म्हणण्यासारखं. कारण जागा आणि कोन एकमेकांत अडकलेले असतात. एकाची चूक दुसऱ्यानं झाकलेली असते. उपाय असा, की लेझरजवळच्या आरशाचा आडवा स्क्रू मुद्दाम बिघडवायचा, आकडा निम्म्यावर येईपर्यंत. मग लेन्सजवळच्या आरशाच्या आडव्या स्क्रूनं जमेल तेवढा परत मिळवायचा. नवा माथा आधीपेक्षा उंच आला तर त्याच दिशेनं पुढं, ठेंगणा आला तर उलट दिशेनं. आडवं संपलं की उभं, मग पुन्हा आडवं. कंटाळवाणं काम आहे, पण रेडिओवर एक संगीत सभा ऐकता ऐकता होतं.

माझे आकडे सांगतो. पॉइंटर ४.१ मिलिवॅट. ५० मायक्रॉनच्या नारिंगी फायबरमधून २.६ बाहेर आले, म्हणजे ६३ टक्के. पिवळ्यातून ०.७, म्हणजे १७ टक्के. काचेच्या प्रत्येक तोंडावर साडेतीन टक्के तर नुसते परतूनच जातात, त्याला इलाज नाही.

पिवळं फायबर लाल प्रकाशासाठी केलेलंच नाही, हेही सांगायला हवं. घरी येणाऱ्या फायबरमध्ये कंपनीकडून १४९० आणि आपल्याकडून १३१० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश धावतो, कारण तरंगलांबी वाढली की काचेतलं विखुरणं झपाट्यानं कमी होतं. १५५० नॅनोमीटरला काच किलोमीटरमागं ०.२ डेसिबल (प्रकाशाच्या घटीचं माप) खाते. सांगली ते सातारा सव्वाशे किलोमीटर काच धरली, तरी हजारातले तीन भाग पोचतात. १९६६ साली चार्ल्स काओ यांनी काचेतली अशुद्धता काढली तर किलोमीटरला २० डेसिबलपर्यंत उतरता येईल असं मांडलं. त्या २० डेसिबलमध्ये सातारा सोडाच, एक किलोमीटरलाच शंभरातला एक भाग उरतो. त्याच्याही आधी, १९५४ मध्ये, पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये हॅरल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर फायबरच्या जुडीतून चित्र पाठवून दाखवलं होतं. २००९ चं नोबेल काओंना मिळालं, कपानींना नाही. मला ते अजून खटकतं.

त्या अवरक्त प्रकाशाचाच धोका मोठा. तो दिसत नाही, म्हणून पापणी मिटत नाही, पण डोळ्याला इजा मात्र करू शकतो. चालू जोडणीच्या फायबरच्या टोकात कधीही डोकावू नका. आपला पॉइंटरही ५ मिलिवॅटच्या आतला घ्या, झोत डोळ्यांच्या उंचीवर ठेवू नका, घड्याळ काढून ठेवा. स्वस्त हिरव्या पॉइंटरपासून तर लांबच राहा. त्यांच्यात हिरवा प्रकाश अवरक्तापासून बनवतात, आणि गाळणी नसली तर तो अवरक्तही सोबत बाहेर येतो.

पिवळ्या फायबरमधून लाल प्रकाश कागदावर पाडला की गोल ठिपका दिसत नाही. कधी दोन पाकळ्या, कधी चार. आखूड तरंगलांबीला या गाभ्यात एकापेक्षा जास्त वाटा मोकळ्या होतात आणि त्या एकमेकींत मिसळून ही नक्षी उमटते. नारिंगीत अशा वाटा शेकडो, म्हणून ठिपका रवा सांडल्यासारखा दिसतो. फायबरला नुसतं बोट लावलं तरी रवा हलतो.

ते बघून मी नारिंगी फायबर तसंच मिरजेला नेलं. मित्राच्या तानपुऱ्याच्या तबलीवर ते चिकटपट्टीनं लावलं, पलीकडं काळ्या कागदाला टाचणीचं भोक पाडून फोटोडायोड, आणि तो जुन्या अॅम्प्लिफायरला. भोकापुढून रव्याचे दाणे सरकले की प्रकाश कमीजास्त होतो, बस एवढंच. त्यानं तारा छेडल्या. स्पीकरमधून तानपुरा वाजला, घोगरा, खरखरता, पण तानपुराच. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. त्यानं डोळे मिटून दोन आवर्तनं ऐकली आणि मणी सरकवायला हात घातला.

"जोडाच्या तारांतली एक उतरलीय," म्हणाला. "थांब जरा."